प्रकाश : तिसरी ते दहावी, एकत्र

माणसानं एक वेळ शेजारच्यांच्या भांडणात पडावं, पण शाळेच्या पुस्तकाच्या अनुक्रमणिकेत पडू नये. भांडणात फार तर शर्टाची बाही जाते. अनुक्रमणिकेत पडून माझं काय काय गेलं, ते आता सांगतो. सांगताना माझी नजर जरा जमिनीकडे असेल, तेवढं चालवून घ्या.

आमची बिट्टी यंदा सहावीत गेली. बिट्टीला प्रश्न पडतात. इतर मुलांना सर्दी होते तसे तिला ते बारा महिने होतात आणि घरभर पसरतात. तिच्या शाळेत सहावीपासून विज्ञान मंडळ असतं. मंडळात निवड झाली की शनिवारी शाळा सुटल्यावर प्रयोगशाळेत थांबता येतं, सूक्ष्मदर्शक स्वतःच्या हातानं फिरवता येतो आणि 'हात लावू नकोस' असं कोणी म्हणत नाही. विज्ञानाच्या बाई तोंडी प्रश्न विचारून मोजकी मुलं निवडतात. या मंडळासाठी बिट्टीचा जीव टांगणीला लागला होता. माझाही लागला होता. पण बापाचा जीव टांगणीला लागला की तो नुसता टांगून राहत नाही, काहीतरी करायला जातो.

एका रविवारी तिनं पाण्याच्या ग्लासात पेन्सिल बुडवली आणि विचारलं, "बाबा, ही मोडल्यासारखी का दिसते?"

उत्तर मला येत होतं, म्हणजे एके काळी येत होतं. मी रुबाबात म्हणालो, "पुस्तकात बघ." पुस्तकात ग्लासाचं छान रंगीत चित्र होतं आणि खाली लिहिलं होतं, की असे का होते ते आपण पुढील इयत्तेत शिकू.

मी तसाच उठलो आणि समोरच्या वहिनींकडून त्यांच्या धाकट्याचं सातवीचं पुस्तक मागून आणलं. सातवीत प्रकाशाचा पत्ताच नव्हता, तिथं नुसता ध्वनी चालला होता. मग थोरलीचं आठवीचं आणलं. त्यात पेन्सिल सापडली, पण कारण अर्धंच होतं आणि उरलेलं दहावीवर ढकललेलं होतं.

आता मी कोण, हे सांगायला हवं, नाहीतर पुढचं सगळं वेडेपणाचं वाटेल. तसं ते कळल्यावरही वाटेल. मी पाणीपुरवठा कार्यालयाच्या रेकॉर्ड विभागात आहे. मी रुजू झालो तेव्हा एकाच नळजोडणीचा अर्ज एका कपाटात, मंजुरी दुसऱ्यात आणि नकाशा तिसऱ्या मजल्यावर अशी अवस्था होती. मी सगळं विषयवार लावलं. आज आमच्याकडे गळतीच्या सगळ्या फाइली एका जागी आहेत. कुठली गळती कुठल्या रस्त्यावरची हे आता कळत नाही, पण ती गळतीच आहे याबद्दल कोणाच्या मनात शंका राहत नाही.

अशा माणसाला ती पुस्तकं बघून काय वाटलं असेल, विचार करा. प्रकाश तिसरीत चिमूटभर, पाचवीत चमचाभर, सहावीत पुन्हा थोडा, मग आठवी, मग दहावी. उष्णतेचं तेच, चुंबकाचं तेच. बेडूक तर जवळजवळ दर वर्षी येतो आणि दर वेळी त्याचा आणखी एखादा अवयव उघडकीला येतो. आमच्या कार्यालयात कोणी अशा फाइली ठेवल्या असत्या तर त्याला घरी बसवला असता. मी त्याच दुपारी जाहीर केलं, की तिसरी ते दहावीची विज्ञानाची पुस्तकं उसवायची, एकेका विषयाची सगळी पानं एकत्र बांधायची आणि निवडीच्या आधी बिट्टीच्या हाती अखंड विज्ञान द्यायचं.

"अहो, पोरीनं पेन्सिलीचं विचारलं होतं," बायको म्हणाली. "तेवढं सांगून टाका ना."

"पेन्सिल हे निमित्त आहे," मी म्हणालो. माझ्या आयुष्यातली बहुतेक नुकसानं 'हे निमित्त आहे' या वाक्यानंतर झालेली आहेत.

बातमी जिन्यात पोचायला वेळ लागला नाही. वरच्या मजल्यावरचे अण्णा संख्याशास्त्र खात्यातून निवृत्त झाले आहेत, आणि निवृत्तीनंतर त्यांचं मत कोणी विचारत नाही म्हणून ते न विचारता देतात. ते म्हणाले, "विषयवार कसलं लावता? शोध ज्या क्रमानं लागले त्या क्रमानं लावा. आधी चाक, मग बाकीचं." समोरच्या वहिनी म्हणाल्या, "भाऊजी, सोपं आधी आणि अवघड मागे, एवढं बघा म्हणजे झालं." तळमजल्यावरचे दंतवैद्य म्हणाले, की परीक्षेत ज्याला जास्त गुण ते आधी लावावं, आणि दात हा विषय पुस्तकात इतका कमी का आहे याचीही वर कोणाकडे तरी तक्रार करावी. मी सगळ्यांचं हसून ऐकून घेतलं. ज्याला कोणाचंच ऐकायचं नसतं तो सगळ्यांचं हसून ऐकतो.

पहिली अडचण पुस्तकांची आली. आमच्याकडे ही पुस्तकं शाळेच्या मालकीची असतात. वर्षभर मुलांना वापरायला देतात, वर्षअखेर परत घेतात आणि खालच्या वर्गातून वर आलेल्यांना देतात. विकत हवी तर पाठ्यपुस्तक भांडारात जावं लागतं. मी गेलो. खिडकीतल्या कारकुनानं माझी मागणी वाचली, चष्मा काढला आणि पुन्हा वाचली.

"तिसरी ते दहावी. मुलं किती तुम्हाला?"

"एक. मुलगी आहे."

"मग पुस्तक एक."

"पण मला सगळ्या इयत्तांची हवीत."

"मुलगी कितवीत आहे ते एकदा ठरवा आणि या," तो म्हणाला. मग जरा आवाज खाली आणून त्यानं विचारलं, "सारखी नापास होते का?"

मी स्वतः सरकारी माणूस आहे. एका मुलाला एका वर्षी एकच इयत्ता, हा नियम मला मनापासून पटला. मी त्याला नमस्कार करून परत आलो आणि इमारतीतल्या मुलांची पुस्तकं गोळा करायला लागलो. "दोन दिवसांत देतो," मी प्रत्येक दारात म्हणालो. दंतवैद्यांनी तिसरीचं आणि पाचवीचं दिलं, अण्णांनी नातवाचं चौथीचं दिलं. वहिनींनी सातवी-आठवी तर दिलीच, वर स्वतःच्या दोन भाच्यांची नववी-दहावीचीही आणून दिली. सहावीचं बिट्टीचं घरातच होतं. सगळी पुस्तकं शाळेची, हे त्यांनाही ठाऊक होतं आणि मलाही. पण मी फाइल सोडायची आणि पुन्हा लावायची यात उभी हयात घालवलेली. काम झालं की पुन्हा जशीच्या तशी शिवून देणार होतो.

"झेरॉक्स काढा की," बायको म्हणाली.

"झेरॉक्समध्ये इंद्रधनुष्य कसं दिसतं, बघितलंयस का? सात करड्या पट्ट्या."

लग्नाला बरीच वर्षं झाली की बायका वाद घालायचं सोडतात आणि वाट बघायला लागतात.

बाइंडर आमच्या कार्यालयाचाच होता. मी त्याला नीट समजावलं, की फक्त शिलाई उसवायची, पान दुखावता कामा नये. दुसऱ्या दिवशी गेलो तर सगळ्या पुस्तकांच्या पाठी कापून बाजूला पडलेल्या आणि पानांचा एक मोठा गठ्ठा तयार.

"साहेब, उसवण्यात वेळ फार जातो," तो प्रेमानं म्हणाला. "मशीनचं कसं, एकदाच खाली येतं आणि विषय संपतो. कव्हरं पण काढून टाकली, फार मळली होती."

त्या कव्हरांवर इयत्ता छापलेली होती. आणि ती फक्त कव्हरांवरच छापलेली होती, हे मला घरी आल्यावर कळलं. आत प्रत्येक पुस्तकाला आपापलं पान सत्तेचाळीस होतं. जमिनीवर इतकी सत्तेचाळिसावी पानं पसरलेली, आणि कुठलं कितवीचं ते सांगायला कोणी नाही. शेवटी बायकोनंच युक्ती काढली. चित्रातली मुलं बघायची. तिसरीच्या चित्रातला मुलगा गुडघ्याएवढा आणि कायम आश्चर्यचकित. आठवीतल्याचे पाय लांब झालेले. दहावीच्या पुस्तकात मुलंच नाहीत, नुसते बाण आणि अक्षरं. मी पट्टी घेऊन मुलांची उंची मोजत बसलो. एका मुलाला कोणीतरी पेननं मिशा काढल्यामुळे तो चौथीतून थेट नववीच्या उष्णतेत गेला, आणि त्याच्याबरोबर बियांचं रुजणंही गेलं.

त्याहून मोठा घोटाळा पुढेच होता. पानाला दोन बाजू असतात. मी हे आयुष्यभर बघत आलो होतो, पण त्याचे परिणाम इतके गंभीर असतात हे माहीत नव्हतं. पाचवीत 'ध्वनी' जिथं संपतो त्याच कागदाच्या पाठीवर 'प्रकाश' सुरू होतो. आता तो कागद कुठं लावायचा? ध्वनीकडे दिला तर प्रकाशाचं तोंड जातं, प्रकाशाकडे दिला तर ध्वनीचं शेपूट जातं. अण्णा म्हणाले, वाफेवर धरला की कागदाचे दोन पदर सुटतात, त्यांच्या खात्यात असं सर्रास करायचे. मी त्यांच्यावर विश्वास ठेवला. ज्या खात्यात असं सर्रास करायचे त्या खात्याच्या आकड्यांवर आता माझा विश्वास नाही. किटलीसमोर धरलेल्या पानाचे पदर सुटले नाहीत. ते आधी मऊ झालं, मग वाकलं आणि मग माझ्या बोटांना चिकटून राहिलं. ध्वनी आणि प्रकाश दोन्ही मी सिंकमध्ये धुतले.

दोन दिवसांचे आठवडे झाले. जिन्यात वहिनी भेटल्या की मी बुटाची नाडी बांधायला वाकू लागलो. मी बिननाडीचे बूट वापरतो, हे त्यांच्या लवकरच लक्षात आलं असावं.

शेवटी खंड बांधून आले. बाइंडरनं कडा सारख्या करण्यासाठी पुन्हा मशीन चालवलं होतं, त्यामुळे प्रत्येक ओळीचं कडेचं एक अक्षर गेलं होतं. पण पहिल्या खंडावर सोनेरी अक्षरांत 'प्रकाश : तिसरी ते दहावी, एकत्र' असं उमटलेलं बघून मला खरोखर भरून आलं. मी तो बिट्टीच्या हातात दिला आणि रोज संध्याकाळी तिला घेऊन बसू लागलो.

तिसरीचा प्रकाश तिनं हसत हसत वाचला. पाचवीच्या सावल्या तिनं भिंतीवर करून बघितल्या. आठवीत ती वाचायची, थांबायची, पुन्हा वाचायची. दहावीत तिनं सगळी सूत्रं पाठ केली. मधली चिन्हं कशाची आहेत ते तिनं विचारलं नाही. खरं तर तिनं काहीच विचारायचं बंद केलं होतं. जेवताना नाही, आंघोळीला जाताना नाही, झोपतानाही नाही. घर शांत झालं. मी बायकोला म्हणालो, "बघितलंस? एकाग्रता!" बायकोनं माझ्याकडे असं बघितलं, की मी लगेच वर्तमानपत्र उघडलं.

आणि मग शाळेत पुस्तकांची तपासणी निघाली. वहिनींच्या धाकट्याला विचारलं, पुस्तक कुठं आहे. पोर खरं बोललं. थोरलीला विचारलं, तीही खरं बोलली. एकाच इमारतीतली इतकी मुलं एकसारखं खरं बोलू लागल्यावर मला खंडांसकट बोलावणं आलं. नेमका त्याच सकाळी विज्ञान मंडळाच्या निवडीचा कार्यक्रम होता.

मुख्याध्यापिकांची खोली लहान होती. एक टेबल, एक पंखा, एक लोखंडी कपाट आणि भिंतीला लावलेला बाक. बाकावर मी आणि बिट्टी. टेबलावर माझं अखंड विज्ञान. मुख्याध्यापिकांनी 'उष्णता' उघडली. आत मिशीवाल्या मुलाशेजारी बी रुजत होतं. त्यांनी खंड हळूच मिटला.

"हे कोणी केलं?" त्यांनी विचारलं.

नोकरीत माझ्या एक गोष्ट अंगवळणी पडली आहे. वरिष्ठांनी 'हे कोणी केलं' असं विचारलं, की टेबलाकडे बघायचं. थोड्या वेळानं कोणीतरी बोलतं. मी टेबलाकडे बघितलं. थोड्या वेळानं कोणीतरी बोललं.

"मी," बिट्टी म्हणाली. "मला सगळा प्रकाश एकदम वाचायचा होता."

मी तोंड उघडलं असतं तर तेव्हाही चाललं असतं. मी टेबलाची कड बघत राहिलो. त्या कडेचा रंग उडाला होता, हे मला अजून आठवतं. मुख्याध्यापिका म्हणाल्या, "मंडळासाठी तूही नाव दिलंयस ना? पुस्तकांची ही दशा करणाऱ्या मुलीच्या हातात आम्ही सूक्ष्मदर्शक कसा द्यायचा, तूच सांग." त्यांनी कागदावर एक रेघ ओढली. बिट्टी "बरं" म्हणाली आणि दप्तर उचलून बाहेर गेली.

मी तिला व्हरांड्यात गाठलं. "अगं, खोटं कशाला बोललीस?"

"तुम्ही काही बोलतच नव्हता," ती म्हणाली. रागानं नाही. आज बस उशिरा आली हे सांगावं, तसं.

लाज वाटणं मला नवीन नाही. भर सभेत नाव चुकून घेतलं जाण्यापासून पायमोज्याच्या भोकापर्यंत मी बऱ्याच लाजा पाहिल्या आहेत. त्या गालापर्यंत येतात आणि उतरतात. ही उतरेना. माझ्या मुलीनं मला एखाद्या घाबरलेल्या पोरासारखं पाठीशी घातलं होतं, आणि मी तिला घालू दिलं होतं. मी तिचा हात धरून मागे फिरलो. मुख्याध्यापिकांची खोली रिकामी होती. त्या प्रयोगशाळेत गेल्या होत्या, जिथं निवड चालली होती. म्हणजे खोलीत एकट्यात कबूल करायची सोय मी घालवून बसलो होतो.

प्रयोगशाळेत मुलं, आईबाप, विज्ञानाच्या बाई आणि पहिल्याच रांगेत समोरच्या वहिनी. मी दारातच म्हणालो, "पुस्तकं मी कापली. हिनं नाही. हिचा काही संबंध नाही." आवाज नको इतका मोठा आला. काचेची एक नळी कुठंतरी किणकिणली.

"का?" मुख्याध्यापिकांनी विचारलं.

"विषयवार लावायची होती."

"तुम्ही काम कुठं करता?"

"पाणीपुरवठा. रेकॉर्ड विभाग."

त्यांनी हातातला कागद खाली ठेवला. मग म्हणाल्या, "आमच्या गल्लीतल्या गळतीचा अर्ज देऊन वर्ष झालं." प्रयोगशाळेतले सगळे आईबाप एकदम माझ्याकडे वळले. बहुतेकांनी कधी ना कधी आमच्याकडे अर्ज केलेला असावा. वहिनी तेवढ्या माझ्या बुटांकडे बघत होत्या. मी येत्या प्रत्येक शनिवारी शाळेत येऊन एकेक पान ज्याच्या त्याच्या इयत्तेत परत लावायचं, असं ठरलं. धुतल्या गेलेल्या पानाचं मी सांगितलं नाही. नंतर तेही सांगावं लागलं.

"आणि हिची निवड?" मी विचारलं. माझा आवाज आता नको इतका लहान येत होता.

विज्ञानाच्या बाईंनी बिट्टीला पुढे बोलावलं. मला बसायला पहिलीच्या मुलांचं स्टूल मिळालं. बाईंनी विचारलं, "दिवा बंद केला की आधी काहीच दिसत नाही. मग हळूहळू खोली दिसायला लागते. असं का होतं?"

बिट्टी सरळ उभी राहिली. मग तिनं अगदी नम्रपणे विचारलं, "बाई, कितवीचं उत्तर देऊ?"

मुलं हसली. आईबापही हसले. बिट्टीचे कान लाल झाले. तिला कळेना, की आपण चुकलो कुठं. मला मात्र नीट कळलं. हे पोर आठवडेच्या आठवडे का गप्प होतं, तेही तेव्हाच कळलं. स्टुलासकट जमिनीत जाता आलं असतं तर मी गेलो असतो.

बाई हसल्या नाहीत. "कुठल्याच इयत्तेचं नको," त्या म्हणाल्या. "तुझं दे."

बिट्टीनं खिडकीकडे बघितलं, मग छताकडे. मग ती म्हणाली, "मला वाटतं, दिवा चालू असताना थोडा प्रकाश भिंतीत मुरत असेल. दिवा गेला की तो हळूहळू बाहेर येत असेल." ती थांबली, आणि मग घाईघाईनं म्हणाली, "पण ते तपासता येईल, बाई. दिवसभर बंद असलेल्या अंधाऱ्या खोलीत जाऊन बसायचं. तिथं भिंतीत काहीच मुरलेलं नसणार. तिथंही हळूहळू दिसायला लागलं, तर माझं चुकलं."

उत्तर साफ चुकीचं होतं. प्रकाश भिंतीत मुरत नाही. अंधारात डोळ्यांतली बाहुली मोठी होते, हे दहावीच्या भागात चित्रासकट दिलेलं आहे आणि ते पान मी स्वतःच्या हातानं लावलं होतं. मी स्टुलावरून अर्धा उठलो, तोंडही उघडलं.

बाई तिचं नाव पुन्हा लिहून घेत होत्या. बिट्टीनं मागे वळून न बघता, पाठीमागे हात नेऊन, मला बसायची खूण केली.

मी बसलो.